दहाव्याची मोजणी

बायकोचा दहावा आला तो नेमका अमेरिकेच्या मतमोजणीच्या दिवशी. तिकडं मंगळवारची संध्याकाळ होते तेव्हा इकडं मुलाच्या देशात, ओटाहुहूत, बुधवारची दुपार असते. ही दर खेपेला चहा घेऊन टीव्हीपुढं बसायची. नातीनं तिला तो खेळ समजावला आणि तिनं मला.

"अहो, एकेक राज्य म्हणजे एकेक घर समजा. मोठ्या घराला इलेक्टोरल मतं जास्त, लहानाला कमी. पण घरात जो एका मतानं जरी पुढं गेला, तो त्या घरातली सगळी उचलतो. अशी दोनशे सत्तर जमली की झाला अध्यक्ष."

"आणि सगळ्या देशात जास्त माणसांनी ज्याला मत दिलं, तो?"

"तो बसू शकतो घरी. एकदा फ्लोरिडात थोडक्या मतांवर अडलं होतं. फेरमोजणी चालली होती, ती कोर्टानं थांबवली. देशात जास्त मतं होती तोच हरला."

"गाढवपणा आहे."

"मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं तेवढी शहाणी. मतं वाटून देतात."

मग ती गेली. अस्थी कुठं सोडायच्या ते काही बोलली नाही. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून डबा मागच्या फिजोआच्या झाडाला टांगला. वारा पडलेला असायचा, पान हलायचं नाही, डबा तेवढा हलायचा. सुनेनं तिकडचा पडदा ओढून घेतला.

पोरांचं फोनवर जुंपलं. मुलगा म्हणाला, "इथंच समुद्रात सोडू. माणसं मोजा, आम्ही जास्त."

नाशिकची लेक म्हणाली, "माणसं कसली मोजतोस, दादा? घरं मोज. माझं एक, पुण्याचं एक. तुझं एकच. आई गोदावरीला जाईल."

"बाबांचं वेगळं घर. ते मागच्या खोलीत राहतात."

"जेवतात तुझ्याच चुलीवर ना?" पुण्याची लेक म्हणाली. "मग तुझ्याच घरात धरायचे. घ्या, झाला आपला फ्लोरिडा! आई असती तर हसली असती."

कुणी हसलं नाही. मला ती सगळीच्या सगळी इथं हवी होती. मी आता परत जायचा नाही. ती तिकडं गेली तर मी कुणाजवळ मरू?

दहाव्याला सकाळी किनाऱ्यावर पिंड ठेवला. इथं कावळे नाहीत. आमचे गुरुजी एरवी कॉम्प्युटरवाले. म्हणाले, "काका, सीगल चालतो." सीगल म्हणजे माणसाच्या हातातली चिप्स ओढून नेणारी जात. आले ढीगभर. पिंडाभोवती गोल करून उभे राहिले. एकही ओरडेना. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं.

मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, तुला इथंच ठेवतो."

काही नाही.

फोनमधून नाशिकची रडत म्हणाली, "आई, गोदावरीला नेऊ गं."

काही नाही. भरतीचं पाणी जवळ येत होतं, पण त्याचाही आवाज येईना.

"काका, दर्भाचा कावळा करून शिववू," गुरुजी हळूच म्हणाले. "शास्त्रात आहे."

"नको. मोजणी थांबवून निकाल लावायचा नाही."

मी वाळूत बसलो. "बोल की," तिला म्हणालो. "जन्मभर तोंड बंद नव्हतं तुझं."

तेव्हा मानेमागून गवती चहाचा वास आला. तिच्या हातचा. वळून बघितलं नाही, धीर झाला नाही. तिची ती दोन शहाणी राज्यं आठवली.

"वाटून देतो," मी म्हणालो. "अर्धी इथं, अर्धी गोदावरीत."

एक सीगल चालत पुढं आला. सुरीनं कापावा तसा अर्धा पिंड उचलला आणि गेला. बाकीचे त्याच्या मागं उडाले. उरलेल्या अर्ध्याला कुणी चोच लावली नाही. पाणी येईपर्यंत तो तसाच पडून होता.

दुपारी टीव्ही लावला. शेजारची खुर्ची तिची, तिच्यावर कुणी बसलं नाही. नकाशात एकेक राज्य एकाच रंगात भरत होतं. नेब्रास्काचा एक तुकडा वेगळ्या रंगाचा झाला, तेव्हा मी उठलो आणि मागचा पडदा सारला.

डबा झाडाला होता. हलत नव्हता.

मला ती सगळी हवी होती. मी न सांगताही तिला ते ठाऊक होतं.