गाडीच्या छपराला तोरण

माझ्या वडिलांनी एकदा मोटारीच्या छपराला तोरण बांधलं. दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर मी पोट धरधरून हसले असते.

ऐंशीनंतरची गोष्ट. कासार आंबोलीत पुण्याच्या एका मालकांचा बंगला होता आणि त्याची राखण आबांकडे होती. मागच्या दोन खोल्यांत आबा, आई आणि सासर सोडून आलेली मी. नवरा हात उचलायचा, म्हणून मी निघून आले. त्यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

शेडमध्ये मालकांची जुनी परदेशी गाडी असायची. लाल, बुटकी, दोन दारांची आणि भलती वेगवान. बटण दाबलं की छपराचा मधला पत्रा विजेवर मागे सरकायचा आणि वर आभाळ दिसायचं. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी अधूनमधून चालू करायची, तेवढ्यासाठी किल्ली आबांकडे. त्या बटणाला मात्र हात लावायचा नाही, असं मालकांनी दहादा बजावलं होतं. आधीच्या राखणदाराची पोरं बागेतल्या झोपाळ्यावर बसली, तेवढ्यावरून त्याचं बिऱ्हाड त्यांनी दिवस मावळायच्या आत बाहेर काढलं होतं.

दसऱ्याला मालक पाहुणे घेऊन जेवायला येणार होते. सकाळी आबांनी गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यावर थांबतील तर ते आबा कसले! त्यांनी बटण दाबून छप्पर उघडलं आणि त्या चौकटीला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं.

"दारच हाय की त्ये," ते म्हणाले. "सनासुदीला दार मोकळं ठिवायचं व्हय?"

मग आत धूळ नको म्हणून त्यांनी छप्पर बंद करायला घेतलं. तोरणाची सुतळी पत्र्याबरोबर खाचेत ओढली गेली आणि पत्रा अर्ध्यावर अडकला. आतली मोटर नुसती घुं घुं करत राहिली. जळका वास यायला लागला तेव्हा मीच धावत जाऊन किल्ली फिरवून ती बंद केली.

आबांनी एका बाजूने पत्रा ढकलला, तर तो तिरका होऊन आणखीच घट्ट बसला. पौडचं गॅरेज सणामुळे बंद. आबा डोक्याला हात लावून जमिनीवरच बसले.

"जागा गेली तर आमी दोगं तुज्या काकाच्या पडवीत पडू," ते म्हणाले. "पन तुला कुटं ठिवू? तुला नवऱ्याकडंच धाडावी लागंल."

आई शेजारीच उभी होती. ती खाली पडलेली झेंडूची फुलं गोळा करायला लागली.

मी तडक घरात गेले. शिवणाच्या डब्यातली क्रोशाची सुई आणि ब्लेड घेऊन मी गाडीत शिरले. सीटवर चादर टाकून उभी राहिले आणि त्या भोकातून डोकं बाहेर काढून खाच कोरायला लागले. झेंडूचा लगदा झाला होता, सुतळीचा पीळ पत्रा सरकवणाऱ्या चाकाच्या दात्यांत बसला होता. एकेक धागा कापायचा, सुईने उपसायचा. बोटं रक्ताळली. मधेच सासरचा उंबरा डोळ्यांपुढे यायचा आणि सुई हातातून सुटायची. मेले तरी तिथे जाणार नाही, असं मी तोंडाने बडबडत होते. आबा ऐकत होते.

खाच मोकळी झाली. आईला किल्ली फिरवून बटण दाबायला सांगितलं. एका बाजूने आबांनी आणि दुसऱ्या बाजूने मी, दोघांनी एकदम जोर लावला. पत्रा कुरकुरला, सरळ झाला आणि सरकत जाऊन बंद झाला. आम्ही गाडी पुसत होतो तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

जेवणं झाल्यावर मालकांनी पाहुण्यांना छपराची करामत दाखवली. दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. आबा शेडच्या खांबाला धरून उभे होते. हार बघून मालक खूश झाले आणि जाताना त्यांच्या पाठीवर थाप मारून गेले.

संध्याकाळी मी आबांना सोनं दिलं, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "आबा, मी पुण्याला काम बघते. आता हितं ऱ्हानार न्हाई."

त्यांनी हातातली आपट्याची पानं खाली ठेवली. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"आगं, पन जागा ऱ्हायली की आपली!"

"तुमची ऱ्हायली," मी म्हटलं.