काचेला चिकटलेला फोटो

कपाट आवरताना काचेवरची चमक मारणारा, लेन्सवर लावायचा जुना पोलरायझर फिल्टर हाती आला आणि धामणकर नाक्यावरचा माझा फोटो स्टुडिओ आठवला. दिघाशी गावची एक बाई नवऱ्याचा फोटो फ्रेमसकट घेऊन आली होती. ओल लागून फोटो काचेला असा चिकटला होता की ओढला तर चेहराच निघाला असता. "ते गेले, आन् दुसरा फोटू न्हाय. लेकीच्या मांडवात मोठा करून ठेवायचाय," ती म्हणाली. काचेवरूनच कॉपी काढायची, तर दारातला उजेड काचेवर नेमका फोटोतल्या चेहऱ्याच्या जागी चमकत होता. मी वैतागलो. शेवटी कॅमेरा तिरका लावून तेव्हा नवाच घेतलेला हा फिल्टर हळूहळू फिरवला आणि चमक विरली. तिलाही बघायला बोलावलं. कॅमेऱ्याला डोळा लावताच तिने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग हळूच म्हणाली, "आता येतील लग्नाला." कपाटातलं बाकी सगळं आज भंगारात दिलं.