दुपारचं दळण

पाळणाघरवाल्या मावशी जिंकल्या म्हणून गल्लीत केवढा गाजावाजा झाला होता! जिंकल्या म्हणजे काय, तर भिंतीला भिंत लागून असलेली पिठाची गिरणी त्यांनी दुपारची बंद पाडली. कित्येक वर्षं त्यांचं एकच पालुपद, "तुमच्या त्या घरघरीत माझी लेकरं झोपायची कशी?" गिरणीवाला अबोल माणूस, पापण्यांपर्यंत पिठानं माखलेला. शेवटी कंटाळून म्हणाला, "बरं बाई, जेवणानंतर नाही लावत. झोपवा तुमची लेकरं."

त्या दुपारी मावशींनी पडदे ओढले, पाळण्यांना झोका दिला आणि ऐटीत उभ्या राहिल्या. पलीकडे गिरणी थांबली. काय ती शांतता! आणि त्या शांततेत टकलूनं टाहो फोडला. टकलू म्हणजे नर्सबाईंचा मुलगा, डोक्यावर औषधालाही केस नाही. शेजारच्या पाळण्यातल्या पोरीनं सूर धरला आणि बघता बघता खोलीचा बाजार झाला.

रोज तेच. गिरणीच्या आवाजात बुडून जायचं ते सगळं आता थेट पाळण्यात येऊ लागलं. रस्त्यावरचा हॉर्न, वरच्या मजल्यावर पडलेला चमचा, मावशींची स्वतःची शिंक. मावशींनी पोरांची पोटं चोळली, हिरड्या चाचपल्या, दुधाला दोष दिला, हवेला दिला. गिरणीचं काही डोक्यात येईना. कसं येणार? ती तर त्यांनीच बंद पाडली होती!

दुपारी न झोपलेलं पोर रात्रीही धड झोपत नाही. एका सकाळी नर्सबाई डोळे चोळत आल्या.

"मावशी, राग मानू नका. कामावर मी उभ्या उभ्या पेंगते. उद्या कुणाला भलतीच सुई टोचीन! आजचा दिवस ठेवा, संध्याकाळी याचं सामान घेऊन जाते. दुसरं पाळणाघर बघितलंय."

मावशींनी पोराला उराशी ओढून घेतलं. टकलूला मान धरता येत नव्हती तेव्हापासून त्यांनीच सांभाळलेला.

दुपारी टकलू रडून रडून लालबुंद झाला होता. तेवढ्यात पलीकडे गिरणी घरघरली. गिरणीवाल्यानं झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावून पुन्हा खरखरीत केलं होतं, म्हणून मूठभर दाणे टाकून बघत होता. भिंतीतून तो आवाज मऊ होऊन आला, आणि टकलूचं रडणं अर्ध्यावर थांबलं. पापण्या जड झाल्या. गिरणी थांबली. टकलू परत सुरू!

"अगं बाई!" मावशी ओरडल्याच. पोरं घरातल्या जाऊबाईंच्या हवाली करून, हातात ओलं दुपटं तसंच घेऊन त्या गिरणीत धडकल्या.

"लावा! लावा ती गिरणी!"

"कुठली? तुम्ही बंद केलेली?"

"हो, तीच! काय टोमणे मारायचे ते मारा, पण आधी लावा!"

"रिकामी कशी लावू? दगडावर दगड घासून वाटोळं होईल. आणि दुपारी दळण आणतंय कोण आता?"

मावशी पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. दारोदार पळाल्या. "गहू द्या गहू! ज्वारी चालेल, काहीही चालेल, दळून आणून देते!"

शिंप्यानं कात्री थांबवली. "मावशी, पाहुणे जेवायला येणार वाटतं?"

"जेवायला नाही हो, झोपायला! डबा आणा, दात काय दाखवताय!"

हसत हसत का होईना, डबे निघाले. गिरणीवाल्यानं खटका दाबला आणि भिंत हलकेच गुणगुणायला लागली. टकलूच्या शेजारची पोरगी झोपली. तिच्या पलीकडचा झोपला. टकलूनं एक लांब उसासा टाकला, मूठ सोडली आणि गेला की गाढ!

नर्सबाई लवकर सुटून, मोकळी पिशवी घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या.

"एवढ्या आवाजात झोपला?"

"हळू बोला! तुमच्या बोलण्यानं उठेल, गिरणीनं नाही उठायचा. बसा, उठला की न्या."

नर्सबाई भिंतीला टेकल्या. मावशी पाणी घेऊन येईपर्यंत बाईंची मान कलली होती, तोंड अर्धवट उघडं, पिशवी मांडीवरून घसरलेली.

पलीकडून गिरणीवाल्यानं हाक दिली, "मावशी, दाणे संपत आले! बंद करू?"

"खबरदार!" दाराशी जाऊन मावशी दबक्या आवाजात कडाडल्या. "इथे आणखी एक मोठं लेकरू झोपलंय!" आणि घरातला तांदळाचा डबा काखेत मारून त्या अनवाणीच पळत सुटल्या.