म्हशीवरचं इंग्रजी

महाळुंग्याच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. एका वर्षी मी निबंधाचे ठरलेले विषय बंद केले. मुलांना सांगितलं, विषय तुम्ही निवडा, हवं तर लिहा, हवं तर बोलून रेकॉर्ड करा. प्रत्येकाचं काम शाळेच्या टॅबवर त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये साठत जाई.

वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. "मॅडम, आमच्या म्हशीवर बोललं तर चालंल?"

"चालेल काय, पळेल!" मी म्हणाले.

मग ती वर्षभर म्हशीवरच बोलली. म्हशीचं रुसणं, तिचं रेडकू, धार काढताना मारलेली लाथ.

पालकसभेला तिची आई शिफ्ट संपवून कंपनीच्या गणवेशातच आली. मी तिला मुलीचं पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग ऐकवलं. टॅब कानाशी धरून तिने दोन्ही मन लावून ऐकली.

"मला इंग्रजी कळत न्हाई," ती म्हणाली, "पण आधी पोरगी लई अडखळत व्हती. आता घरात बोलती तशी बोलती."

प्रगतिपुस्तकात मला हे इतकं नेमकं कधीच लिहिता आलं नव्हतं. मुलगी लाजून आईचा हात ओढू लागली.

"थांब गं," आई म्हणाली, "अजून एकदा ऐकू दे."