कागदावरचा थोरला

दत्तू गेल्याचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी : इतिहासाचे निवृत्त शिक्षक, वय ऐंशी, वृद्धापकाळाने निधन. ऐंशी? एकाहत्तर होतं त्याचं वय! महिना झाला तरी माझं डोकं शांत नाही. मेल्यावरही सुटका नाही माझ्या भावाची. मी त्याची सख्खी बहीण, त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. पण सरकारदरबारी मी त्याच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

आम्ही फुलंब्रीचे. निजामाच्या राज्यात शाळेत नाव उर्दूत चढायचं आणि जन्मसाल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली सनातलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते दप्तर मराठीत उतरवताना कुणा दिवट्यानं फसली साल हिजरी समजून त्यावरून इंग्रजी साल काढलं. झालं! पोरगं एका दिवसात नऊ वर्षांनी थोराड. मॅट्रिकला बसला तेव्हा कागदोपत्री पंचविशीचा घोडा... आम्ही लई हसलो. वडील म्हणाले, "होईल दुरुस्त." कसलं काय! तेच साल नोकरीत चढलं. दत्तू अर्ज करत राहिला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी त्याच्या हातात निवृत्तीचा हुकूम पडला. वर्गात उभं राहणं हाच ज्याचा जीव, त्याला वर्गातून काढलं.

मी त्याच्याबरोबर कचेरीत गेले. साहेब म्हणाला, "ताई, पुरावा काय?" मी म्हटलं, "अहो, याला कडेवर घेऊन हिंडलेय मी. मी जिवंत उभी हाय ना तुमच्यासमोर?" तो म्हणाला, "रेकॉर्डला तसं नाही." दत्तूनं अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. त्याचा मला साहेबापेक्षा जास्त राग आला.

बाहेर चहा घेताना मात्र मास्तर बोलायला लागला. "अक्का, लॅटिनमध्ये आक्टा म्हणून शब्द आहे. मुळात अर्थ, केलेली कामं. पुढं त्या कामांच्या सरकारी नोंदी. मग रोममध्ये चौकात लावायचे तो रोजच्या बातम्यांचा फलकही आक्टाच. अन् एखादा बादशहा बदनाम होऊन मेला, की त्याचा आक्टा रद्द करायचे." मी ओरडले, "अरे, राज्य निजामाचं गेलं, मग रद्द तू कसा झालास?"

आठवड्याभरात छावणी भागातल्या आपल्या घराबाहेर त्यानं फळा टांगला. पोरं काढून घेतली, खडू थोडाच काढून घेता येतो! रोज सकाळी बातम्या. 'नळ आला नाही.' 'सायराबींना नातू झाला.' 'कोपऱ्यावरचा लिंब तोडला. कुणाला विचारून?' दूधवालासुद्धा सायकल थांबवून वाचायचा.

परवा मृत्यूचा दाखला आणला. त्यावरही तेच साल! खिडकीतल्या पोराला झाडलं, तर म्हणतो, "आजी, कार्डावर जे आहे तेच येणार." तणतणत छावणीत आले. फळा अजून तिथंच होता; अंत्यविधीच्या गर्दीत मी त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं. तो गेला त्या सकाळी त्यानं लिहिलेली ओळ कुणी पुसली नव्हती : 'आज अक्का येणार.'

मीही पुसली नाही. खाली खडूनं लिहिलं, 'आली. माझा धाकटा भाऊ वारला.'