समोरची खुर्ची

काचेच्या केबिनमध्ये आमचे साहेब कॉम्प्युटरसमोर चक्क उभे होते. स्क्रीनवरून त्यांचा नवा, तिशीतला वरिष्ठ त्यांना झापत होता. उभं राहिल्यामुळे कॅमेऱ्यात आपलं नुसतं पोट दिसतंय, हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी बाहेर चहा मुद्दाम सावकाश प्यायलो. इतका गोड चहा या ऑफिसात कधी लागला नव्हता. भीती आधी पायांत शिरते. जग बदललं तरी तिथून हलत नाही.

आम्हाला झापायला सोपं जावं म्हणून साहेबांनी समोरची खुर्ची कधीच काढून टाकली होती. "बसलेला माणूस उलट बोलतो," म्हणायचे.

कॉल संपल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. आवाज पार उतरला होता.

"बसा ना. जरा बोलू."

मी रिकाम्या फरशीकडे बघितलं.

"कशावर, साहेब?"