रहीमभाईचं चहाचं इंजिन

तुमच्या घरच्या स्टोची पिन कोण बदलायचा, त्याचं नाव तुम्हाला आठवते का? नाही आठवत. स्टो भंगारात गेला, त्याच्यासोबत तो माणूसही गेला. तुम्ही विचारलंसुद्धा नाही.

चंद्रपूरकडच्या सिंदेवाहीत त्याचं नाव रहीमभाई. बस स्टँडमागे टिनाच्या छपराचं मातीचं खोपटं, पुढे लाकडी पेटी, पेटीत वायसर, पिना, पत्र्याला कथलाचा डाग द्यायची लोखंडी कावी. ज्योत पिवळी झाली की कुठे कचरा अडकला, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग घरोघरी गॅस आला, रॉकेल बंद झालं, आणि साठीच्या उंबरठ्यावर रहीमभाई छत्र्या अन् टॉर्च दुरुस्त करत बसला.

एका डिसेंबरात शाळेतल्या नूतन मॅडम एक मोडकं खेळणं घेऊन आल्या. कोणीतरी शाळेला भेट दिलेलं. गरम चहाच्या कपावर ठेवलं की त्याचं चाक फिरते म्हणे.

"रहीमभाऊ, हे जमते का पाहा ना. विज्ञानाच्या तासाले दाखवायचं होतं."

"चहावर चाक फिरते? मॅडम, आमच्या खोपट्यात तर चहावर फक्त जिभा फिरतात."

पण दोन दिवसांत त्यानं ते उघडून, समजून, चालू करून परत केलं. आणि स्वतःचं बनवायला घेतलं. दोन अल्युमिनियमची झाकणं, मधे प्लास्टिकच्या डब्याचं कापलेलं कडं, आत सैल हलणारी थर्मोकोलची चकती, वर काचेची सिरिंज, सायकलच्या स्पोकचा वाकवलेला दांडा आणि चाक म्हणून जुनी सीडी. खाली उकळत्या चहाचा गिलास ठेवला की आतली हवा फुगायची, सिरिंजचा दट्ट्या वर ढकलायची. तेवढ्यात चकती ती हवा वरच्या गार झाकणाकडे हाकलायची. हवा आकसली की दट्ट्या खाली. असं गिलास निवेपर्यंत.

त्याची बायको सईदा दारातून पाहायची. "चूल्हे तो खतम हो गये, अब चाय भी मशीन को पिलाव. घर में किसी को मत देना."

मार्चमध्ये इंजिन दुपारचं सुस्तावायला लागलं. रहीमभाईनं खिळ्यानं भिंतीवर आकडे कोरले: सकाळी मिनिटाला एकशेतीस फेरे, दुपारी पंचावन्न. चहा तोच, उकळी तीच. त्यानं चहा आणखी उकळला, चाक थोडंच वाढलं. मग एका दुपारी वरच्या झाकणावर ओलं फडकं टाकलं, आणि फेरे शंभरावर गेले. त्यानं तो आकडाही भिंतीवर कोरला. चाळीस वर्षं तो आग वाढवत आला होता. आज पहिल्यांदा कळलं की नुसत्या आगीनं काही होत नाही. एक बाजू तापलेली पाहिजे तशी दुसरी गारही पाहिजे.

नूतन मॅडमनी भिंतीवरचे आकडे एकेक करून वाचले. "भाऊ, हे आम्ही कॉलेजात तीन महिने शिकलो," त्या म्हणाल्या. शाळेत विज्ञान केंद्र होणार होतं. पोरांना हातानं यंत्रं बनवायला शिकवणारा माणूस नेमायचा होता. मॅडमनी रहीमभाईचं नाव टाकलं. उन्हाळी शिबिराच्या उद्घाटनाला जिल्ह्यावरून साहेब येणार, त्यांनी इंजिन पाहायचं आणि हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. सईदानं त्याचा पांढरा सदरा दोनदा इस्त्री केला.

कार्यक्रम सकाळी आठचा होता. साहेब आले दीडला. एप्रिलचा शेवट, मंडपावर टिन, आत भट्टी. रहीमभाईनं झाकणावर ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. मुख्याध्यापक देवाजी सरांनी ते दोन बोटांनी उचलून बाजूला फेकलं.

"हे पोतेरं काऊन ठेवलं जी? फोटो निघून राह्यले."

"सर, त्याच्याबिगर ते..."

"गरमीवर चालते ना तुमचं यंत्र? मंग बाहेर उन्हात ठेवा, चांगलं तापू द्या. फोटोही साजरा येईल."

चंद्रपूरच्या मुलखात गरमी कमी पडेल, असं कोणाच्या मनातही येत नाही, आणि ती जास्त होईल असंही नाही. इंजिन अर्धा तास उन्हात तापलं, वरून, खालून, सगळीकडून. साहेबांसमोर आणलं, चहा ठेवला. चाक अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. देवाजी सरांनी आणखी कडक चहा मागवला. पुन्हा तेच.

साहेबांच्या थंड बाटल्यांसाठी बर्फाची बादली ठेवली होती. रहीमभाईनं कोणाला न विचारता त्यातला बर्फ परातीत ओतला आणि इंजिन बर्फावर ठेवलं. चाकाला बोटानं हलकी टिचकी मारली. ते फिरायला लागलं. उलट्या दिशेनं, पण असं गरगर की सीडीवर रंग दिसेनात.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसले.

"चाचा, हे तर उलटं फिरून राह्यलं. बिघडलं तुमचं."

"नाई साहेब. चहावर गरमी खालून वर जाते. बर्फावर वरून खाली येते. म्हणून चाक उलटं."

"बर्फात कुठून आली एनर्जी?"

"बर्फात नाई, साहेब. तुमच्या मंडपात आहे. बर्फ फक्त तिले जायले जागा देते."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "शिक्षण किती झालं?"

"सातवी."

"मंग बरोबर आहे," साहेब म्हणाले, आणि मंडप हसला. देवाजी सर सगळ्यात मोठ्यानं. रहीमभाईनं नूतन मॅडमकडे पाहिलं. त्या पायाजवळच्या सतरंजीकडे पाहत होत्या. त्यांची नोकरी अजून पक्की व्हायची होती. हे मी समजू शकतो. माफ नाही करू शकत. तीन महिने कॉलेजात शिकलेलं त्यांना एका मिनिटात सांगता आलं असतं.

जूनमध्ये केंद्रावर प्रमाणपत्रवाला माणूस नेमला गेला. त्यानं डब्यातली तयार यंत्रं आणली. पोरांनी हात लावायचा नाही, लांबून पाहायचं.

रहीमभाईनं भिंतीवरच्या आकड्यांवर चुना मारला. सईदानं विचारलं, "क्यों मिटाया?" तो म्हणाला, "छत्रीवालों को क्या करना है." त्यानंतर तो पावसाळाभर छत्र्यांच्या काड्याच सरळ करत बसला. त्याचं इंजिन शाळेनं परत दिलं नाही. ते काचेच्या कपाटात आहे, खाली चिठ्ठी आहे: 'नादुरुस्त नमुना'.

कधी सिंदेवाहीला उतरलात तर एवढं करा. गोळेवाल्याकडून ताटभर बर्फ घ्या आणि भर दुपारी त्या शाळेत जा. कपाटाची चावी नाही म्हणतील, हटू नका. इंजिन बर्फावर ठेवा, चाकाला बोट लावा, आणि ते फिरलं की ती चिठ्ठी फाडून तिथे रहीमभाईचं नाव लिहा.